थूलबाई आणि शून्य जकात

थूलबाईंनी माझी पहिली परीक्षा घेतली ती कानाची. मला नागपूरच्या एका मसाला निर्यातदाराकडे नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या घरून सकाळी मोटारसायकल काढायची, समुद्रपूर तालुक्यातल्या हळद पिकवणाऱ्या गटांना भेटायचं आणि शेतापासून बंदरापर्यंत जे जे कागद लागतात ते गोळा करायचे, हे माझं काम. गिरडच्या अलीकडच्या एका गावात मी पोचलो तेव्हा खळ्यावर शिजवलेली हळद वाळत घातलेली होती आणि तिच्या मधोमध एक ठेंगणी बाई पालथ्या टोपल्यावर बसलेली होती. मी नाव सांगायच्या आत तिनं मला वाकायला सांगितलं आणि माझ्या कानाशी एक हळकुंड मोडलं. खण्ण आवाज आला. मग दुसरं मोडलं. ते नुसतंच दबकं मोडलं.

"कोनतं वाळलं?"

"पहिलं," मी म्हणालो.

"बरं. मंग तुमाले ठेवाले हरकत नाई."

जणू माझा पगार त्याच देणार होत्या.

त्यांचं पूर्ण नाव कौसल्याबाई थूल. पण गावात, गटात आणि पुढे आमच्या नागपूरच्या ऑफिसातही त्या फक्त थूलबाई होत्या. तीसेक वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढलेली; शिक्षण सातवीपर्यंत; चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा. अंगणवाडीतली नोकरी संपल्यावर त्यांनी पंधरा बायांचा गट उभा केला. त्यात विहारापुढच्या वस्तीतल्या बाया होत्या तशा कुणब्यांच्या, तेल्यांच्याही होत्या. एकीचं अर्धा एकर, दुसरीचं एक, कुणाची नुसती मक्त्याची पट्टी. हळद मात्र सगळ्यांची एकाच खळ्यावर वाळायची आणि तिची राखण बाई करायच्या. तळहात इतके पिवळे की त्यांनी हात जोडले तर देवळातून आल्यासारखं वाटे, आणि त्या तर देवळात कधी जात नसत.

मी त्या दिवशी मोठ्या उत्साहात होतो. ऑफिसात नुकतंच शिकलेलं ज्ञान मी त्यांच्यापुढे ओतलं. "बाई, आपली हळद युरोपात जाईल. आणि तिकडे तिच्यावर जकात किती आहे माहीत आहे? शून्य."

"शून्य म्हंजे काईच नाई?"

"काहीच नाही."

त्यांनी माझ्या काखेतल्या जाडजूड फाइलकडे पाहिलं. "मंग हे एवढं बाड कायचं हाये?"

मी सांगत गेलो. फवारणीच्या औषधांचे अंश किती असावेत त्याचा तपास, बुरशीच्या विषाचा तपास, रंगाच्या भेसळीचा तपास, कीड नसल्याचा दाखला, कोणत्या शेतातून कोणतं पोतं आलं त्याची नोंद, पोत्यावरच्या लेबलात कोणती अक्षरं किती मोठी हवीत ते. बाई हाताची बोटं दुमडत ऐकत होत्या. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली. मग म्हणाल्या, "अस्सं. दार उघडंच ठेवलं, पन उंबरठा कंबरभर बांधला."

या सगळ्याला पुस्तकात 'जकातेतर उपाय' म्हणतात. पुढे त्यावरचे बरेच लेख मी वाचले. गरीब देशांना जकातीपेक्षा हे उपाय जास्त जड जातात, असं त्यांत आकडे आणि आलेख देऊन पटवलेलं असे. वाचताना दर वेळी मला वाटे की हे मला आधीच कुणीतरी टोपल्यावर बसून सांगितलेलं आहे.

पहिल्या वर्षीचा नमुना नापास झाला. एका कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. मर्यादा तरी केवढी! चिमटीतही न येणारी. प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन मी गावात गेलो. त्या औषधाचं नाव बाईंनी मला तीनदा उच्चारायला लावलं, आणि तिसऱ्यांदा मीच अडखळलो.

"हे आमी टाकलंच नाई," त्या म्हणाल्या. "हळदीवर आमी शेण, गोमूत्र, निंबोळी, एवढंच टाकतो. बाया खोटं बोलत नाईत."

मलाही ते माहीत होतं. पण मी आणखी एक गोष्ट बरोबर आणली होती. आमच्या शेठजींनी फोनवर एक वाट सुचवली होती: दुसऱ्या गावची, तपासात पास झालेली हळद नमुना म्हणून पाठवायची आणि कंटेनरमध्ये माल यांचा भरायचा. सगळेच करतात, असं ते म्हणाले होते. मी ते बाईंना सांगताना बरीच कलाकुसर केली. "नमुना पुन्हा नव्याने घेण्याची एक पद्धत असते," अशी सुरुवात केली, आणि बोलता बोलता मुद्द्यावर आलो.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"साहेब, आमी रोज विहारात पंचशील म्हनतो. चवथं शील काय हाये, माहीत हाये काय?"

मला माहीत नव्हतं.

"खोटं बोलाचं नाई. आन् हे खोटं कोनाशी बोलाचं? ज्याले पोटात घालाची हाये त्याच्याशी. लेकराच्या दुधात पडंन हे हळद. तिकडचं असलं म्हनून काय झालं, लेकरूच हाये ना थे?" मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "तुले हे शेठनं सांगतलं का तुह्याच डोक्यातून निंगालं?"

त्या क्षणी मी 'साहेब'वरून 'तू'वर आलो आणि पुढची सगळी वर्षं तिथंच राहिलो. माझ्या नोकरीत मिळालेली ती एकमेव बढती असं मी मानतो.

त्या वर्षीचा माल शेवटी समुद्रपूरच्या एका व्यापाऱ्याला गेला. त्यानं एकही कागद मागितला नाही. बाईंनी स्वतःहून त्याला अहवाल दाखवला. यात औषध निघालंय, हे सांगितलं. तो हसून म्हणाला, "बाई, इथं कोन इचारते?" आणि पोती उचलायला सांगितली. परत येताना बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तिकडच्या पोटाले चालत नाई थे इकडच्या पोटाले चालते. पोटात फरक हाये काय, रे?"

खरी थूलबाई मला दिसली ती त्यानंतर. आपण औषध टाकत नाही आणि तरी ते निघतं, म्हणजे ते कुठून तरी येतंय. पुढच्या हंगामात खळं पसरलं तशी त्यांनी शोध सुरू केला. त्यांना ना उपकरण होतं ना प्रयोगशाळा. त्यांनी आपलं एक जुनं पांढरं लुगडं ओलं केलं आणि खळ्याच्या पश्चिमेच्या कडेला दोन बांबूंमध्ये ताणून बांधलं. रोज संध्याकाळी ते काढायच्या, नाकाशी धरायच्या आणि पुन्हा धुऊन बांधायच्या. गावानं यथेच्छ हसून घेतलं. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "येजो लवकर. चोर घावला."

मी गेलो तर त्यांनी लुगडं माझ्या नाकाशी धरलं. घशात जळजळलं.

खळ्याच्या पश्चिमेला बाबारावांची वांग्याची वाडी होती. बाबाराव म्हणजे गावातले जुने कुणबी शेतकरी, मिशा पांढऱ्या, बोलणं हळू, आणि वांगी अशी की समुद्रपूरच्या बाजारात ती आली म्हणजे बाकीच्यांची झाकून ठेवावी. आठ दिवसांनी एकदा ते वांग्यावर फवारणी करायचे. वारा पश्चिमेचा असला की ते धुकं सरळ शिजवलेल्या ओल्या हळदीवर येऊन बसायचं. एवढी साधी गोष्ट; पण ती शोधायला एक बाई आणि एक लुगडं लागलं.

आम्ही दोघं बाबारावांकडे गेलो. त्यांनी काहीच लपवलं नाही; गोठ्यातून औषधाची बाटली आणून दिली. मी तिच्यावरचं बारीक अक्षर वाचायला लागलो आणि थांबलो.

"काऊन रे, काय झालं?" बाईंनी विचारलं.

सांगावं की नाही असं मला वाटलं. पण चौथं शील नुकतंच शिकलेलं होतं. "बाई, हे औषध बनवणारी कंपनी त्याच देशातली आहे. ज्या देशात आपली हळद जाणार होती, तिथली."

"मंग तिकडं बी हेच मारत असतीन."

"नाही. तिथे ते वापरायला बंदी आहे."

"वापराले बंदी?"

"हो."

"आन् बनवाले?"

"बनवायला नाही."

"इकाले?"

"बाहेरच्या देशांना विकता येतं."

"म्हंजे आमाले."

"हो. आपल्याला."

बाबाराव म्हणाले, "हे तं भारीच झालं राजा. शिशी त्याईची, आन् वास आला तं गुन्हेगार आमी."

मला वाटलं, आता बाई कडाडतील. त्या देशाला, त्या नियमांना, मलाही चार शब्द ऐकवतील. त्यांनी बाटली फक्त हातात घेतली, उलटीपालटी केली आणि गोठ्याच्या ओट्यावर बसल्या. त्यांचे यजमान, सुखदेवराव, दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर मजुरीनं फवारणी करायचे. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, तोंडाला नुसता दुपट्टा. एका भादव्यात ते शेतातच पडले, आणि वर्ध्याच्या दवाखान्यातून परत आले ते बाकीच्यांच्या खांद्यावर. हे मला बाईंनी कधीच सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी मी परत निघालो तेव्हा मोटारसायकलपर्यंत आलेल्या बाबारावांनी ते सांगितलं.

"नियम बराबर हाये," शेवटी बाई म्हणाल्या. "कडक हाये पन बराबर हाये. फक्त थो खानाऱ्याच्या तोंडासाठी हाये. मारनाऱ्याच्या नाकासाठी नाई."

नंतर जे झालं ते मी अनेक सभांमध्ये सांगितलंय, आणि दर वेळी लोक हसले आहेत. बाबारावांना फवारणी थांबवा म्हणणं सोपं नव्हतं. वांग्यात अळी शिरली तर वर्षाची वांगी जातात. ते म्हणाले, "थूलबाई, तुमची हळद बिलायतेले जाईन म्हनून मी माही वांगी अळीच्या तोंडी देऊ काय?" बरोबरच होतं. बाई वाडीत शिरल्या. वरंब्यावरून वरंब्यावर पाहत गेल्या आणि अगदी घराच्या बाजूच्या टोकाला थांबल्या. तिथले दोन वरंबे वेगळे दिसत होते. पानांना भोकं, वांगी वाकडीतिकडी, पण झाडं कशी आपली मोकळी.

"हे काऊन वेगळे, बाबाराव?"

बाबारावांनी मिशीवरून हात फिरवला. "थे घरच्यासाठी हायेत. त्याच्यावर मारत नाई मी. नातू खाते ना."

बाई हसल्या. मी त्यांना इतक्या मोकळेपणी हसताना फार कमी पाहिलं. "मंग तुमचं घर बी युरोपच हाये की हो! तुमच्या चुलीचा कायदा कडक, आन् समुद्रपूरच्या चुलीले कायदाच नाई."

बाबाराव आधी रागावले, मग ओशाळले, मग तेही हसायला लागले. दुसऱ्या दिवशी ठरलं ते असं: हळद खळ्यावर असेल तेवढे दिवस ते खळ्याकडच्या अर्ध्या वाडीत फवारणार नाहीत. त्या दिवसांत गटाच्या बाया पाळीपाळीनं वाडीत जाऊन किडके शेंडे आणि अळीची वांगी हातानं खुडतील, निंबोळीचा अर्कही मारून देतील. काम वाढलं. बेबीताई म्हणून गटात एक बाई होत्या, फटकळ, त्या रोज कुरकुरायच्या: "हळद आमची, जीभ तिकडच्याईची, आन् अळ्या वेचाच्या वांग्याच्या!" पण वेचायच्या. बाबारावांनी हळूहळू घरचे दोन वरंबे सहा केले. तसं कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी नमुना पास झाला. काहीच निघालं नाही. अहवालात प्रत्येक औषधापुढे 'आढळलं नाही' असं लिहिलेलं. बाईंनी तो कागद खळ्यावर सगळ्यांना वाचून दाखवला, एकेक ओळ, बोट ठेवून. पान दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं आणि प्रत्येक ओळीत तीच बातमी होती, तरी एकही बाई उठली नाही.

माल नागपूरला गेला, तिथून बंदरावर, तिथून जहाजात. मी बाईंना मोबाइलवर जहाज कुठं आहे ते दाखवायचो. त्या म्हणायच्या, "पोरगी सासरी निंगाली की बाप असाच टेम्पोच्या मांगं पाहते."

जहाज पोचलं आणि आठ दिवसांनी संदेश आला. माल अडवला होता. मी घाईघाईनं संदेश वाचला: हळदीत खोट नव्हती. पोत्यांखाली ज्या लाकडी फळ्या ठेवल्या होत्या, त्यांच्यातल्या काहींवर लाकूड तापवून कीडमुक्त केल्याचा शिक्का नव्हता. फळ्या आमच्याच गोदामातल्या. कुणीतरी घाईत जुन्या ढिगातल्या चार टाकल्या होत्या. त्या बंदराच्या नियमाप्रमाणे पूर्ण माल परत पाठवायचा किंवा तिथंच नष्ट करायचा.

हे बाईंना सांगायला मी दोन दिवस लावले. सांगितलं तेव्हा त्या हळदीचं बेणं लावत होत्या.

"हळद पास?"

"पास."

"लाकूड नापास?"

"हो."

"लाकूड तं कोनी खात नाई."

"लाकडातून कीड त्यांच्या जंगलात जाऊ नये म्हणून असतं ते."

त्यांनी विचार केला. "हे बी बराबरच हाये," त्या म्हणाल्या, आणि हातातलं बेणं खाली ठेवलं. "सारंच बराबर हाये, रे. म्हनून तं भांडता येत नाई."

चूक आमची होती आणि तसं मी बाईंपुढे कबूल केलं. शेठजींनी मालाची भरपाई केली, थोडी कुरकुर करून. पण माल परत आणायचा ठरल्यावर खरी गंमत सुरू झाली. आपल्या बंदरावर उतरल्यावर त्याला परदेशातून आलेला खाद्यपदार्थ मानलं गेलं. समुद्रपूर तालुक्यात पिकलेली, कौसल्याबाई थूल यांच्या खळ्यावर वाळलेली हळद आता आयात माल होती. पुन्हा नमुना, पुन्हा तपास, पुन्हा लेबलाची छाननी. कागदावर 'मूळ देश' या चौकटीत भारत लिहिलेलं पाहून तिथल्या कारकुनानं मला विचारलं, की मग भारतात कशाला आणताय?

बाईंनी फोनवर हे सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "पोरीले माहेरी याले बी परवाना लागते काय?"

हळद परत आली तेव्हा सगळ्या बायांनी पोती फोडून पाहिली. माल उत्तम होता. नुसता प्रवासानं थोडा दमल्यासारखा. शेठजींना तो नको होता; त्यांनी तो गटालाच देऊन टाकला. बाई म्हणाल्या, "आपन समुद्रपूरच्या बाजारात इकू. पहिल्यांदा आपल्या लोकाईले चांगलं खाऊ देऊ." आठवडी बाजाराच्या दिवशी दळलेल्या हळदीच्या पिशव्या मांडून गट बसला. सकाळी कुणी फिरकलं नाही. हळद तर सगळ्यांकडे होती. मग बेबीताईंना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फॉरेन रिटर्न हळद'.

दुपारपर्यंत गर्दी आवरेना. एक मास्तर म्हणाले, "बघा, रंगच वेगळा हाये." एका बाईनं चिमूटभर जिभेवर ठेवून सांगितलं की हिला बाहेरची चव आहे. थूलबाई चहा घेऊन परत आल्या, पाटी पाहिली आणि संतापल्या. त्या उभ्या राहून ओरडून सांगायला लागल्या, "अजी, हे इथचीच हाये! गिरडच्या बाजूची हाये! लाकडाच्या पायी परत आली, काई नवल नाई!" लोक म्हणाले, "हो बाई, हो," आणि दोन-दोन पिशव्या घेतल्या. खरं बोलून माल जास्त विकला जातो, असं उदाहरण माझ्या पाहण्यात ते एकच.

त्यानंतर वर्ध्याला एका सभागृहात निर्यातीच्या संधींवर कार्यशाळा झाली. मी बाईंना बळेच नेलं. पडद्यावर तक्ते येत होते. कोणत्या देशात कोणत्या औषधाची किती मर्यादा, ते अधिकारी छान समजावून सांगत होते. प्रश्नांची वेळ आली तशी बाईंनी हात वर केला.

"साहेब, तिकडच्या मानसाच्या पोटात किती जहर गेलं तं चालते, थे तुमी सांगतलं. आमच्या पोटात किती चालते?"

अधिकारी मनानं चांगले होते. "आपल्याकडेही मर्यादा आहेत, मावशी. कायदा आहे."

"हाये ना? बरं झालं. मंग मांगच्या वर्षी आमच्या समुद्रपूरच्या बाजाराची हळद कोनं तपासली?"

अधिकारी म्हणाले, "प्रश्न फार चांगला आहे," आणि चहाची सुट्टी जाहीर झाली. चहाच्या रांगेत लोक येऊन बाईंचं अभिनंदन करत होते. त्या मला म्हणाल्या, "उत्तर नसलं की प्रश्न चांगला असते वाटते."

पुढच्या वर्षीचा नमुना पास झाला, फळ्या मी स्वतः एकेक उलटून पाहिल्या, आणि नव्या खरेदीदारानं होकार कळवला. पण त्या होकाराच्या आधीच, पोळा होऊन गेल्यावर, बाईंना ताप आला. साधा म्हणता म्हणता तो वाढत गेला. वर्ध्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तर त्या ग्लानीत होत्या. मध्येच डोळे उघडून त्यांनी विचारलं, "वारा कोनता हाये?" मी म्हणालो, "पश्चिमेचा." तेव्हा खळ्यावर हळद नव्हती, ती शेतात हिरवी उभी होती. पण त्या काळजीत पडल्यासारख्या दिसल्या, म्हणून मी घाईनं म्हणालो, "नाही बाई, पडला आता." त्यांना मी सांगितलेलं ते एक खोटं. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

विहारात शोकसभा झाली. अख्खं गाव होतं. बाबाराव बोलायला उभे राहिले, "या बाईनं मले" एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

खरेदीदाराचा फॉर्म त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. मालाच्या सुरक्षिततेला जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नाव त्यात, आम्ही आधी पाठवलेल्या कागदांवरून, थूलबाईंचं भरलेलं होतं, ते बदलायचं होतं. बदलाचं कारण देणं सक्तीचं, आणि कारणांच्या तीनच चौकटी होत्या: बदली, राजीनामा, निवृत्ती. मी छापील फॉर्म घेऊन गटाच्या बैठकीत बसलो आणि वाचून दाखवलं.

"मेली, अशी चौकट नाई?" बेबीताईंनी विचारलं.

"नाही."

"म्हंजे तिकडं जबाबदार मानूस मरतच नाई काय?"

कुणी हसलं नाही. राजीनामा लिहायला बाया तयार होईनात. तिनं कधी कशाचा राजीनामा दिला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी 'निवृत्ती'वर खूण केली. मग नव्या नावाचा प्रश्न आला. थूलबाईंच्या जागी आपलं नाव लिहून घ्यायला कुणालाच धीर होईना.

"जबाबदार म्हंजे काय करा लागते?" बेबीताई म्हणाल्या.

"मालात काही निघालं तर पहिला फोन तुम्हाला येईल. काय झालं ते तुम्ही सांगायचं."

"खरं सांगा लागन?"

"हो."

"तिकडच्याईलेच का इकडच्याईले बी?"

मी फॉर्म पुन्हा पाहिला. "यात फक्त खरेदीदाराला कळवायचं लिहिलंय."

"मंग माहं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "पन इकडच्याईले बी सांगीन, असं लिहा त्याच्यात."

फॉर्मात त्यासाठी जागा नव्हती. मी समासात लिहिलं.